भिंतीवरचे हात

निजामशाही जाऊन नवं सरकार आलं, तेव्हा आम्ही आदिलाबादेत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. माहेर-सासर दोन्ही लांब, वांकिडीकडं. माझी शाळा चौथीतच सुटलेली. साहेब म्हटलं की मी दाराआड व्हायची.

त्या उन्हाळ्यात घरमालकानं कौलं शाकारली, भिंतींना चुना दिला आणि भाडं एकदम दुप्पट मागितलं. नाहीतर खोली सोडा. मला सातवा महिना होता.

शेजारच्या काकूंनी यांना ढकलतच भाड्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कचेरीत नेलं. "दरख्वास्त दे बाबा. मरम्मतीचा खर्च दाखवल्याबिगर भाडं वाढवता येत नाही आता."

मालकानं तिथं खर्चाचा कागद दिला. त्यात मोठी रक्कम एकच: मागची भिंत पाडून नवी बांधली. साफ खोटं! पण आमच्या शब्दाला विचारतो कोण? शेवटी कचेरीतले साहेबच खोली पाहायला येणार, असं ठरलं.

मला भलतीच धास्ती. त्या भिंतीवर चुन्यातून तांबडे डाग उठले होते. साहेब म्हणतील, बाईनं नवा चुना नासवला. म्हणून मी दांडीवरून गोधडी सोडून ते झाकले.

साहेब, कारकून, मालक, काकू, सगळे आत आले. "नई दीवार कौनसी?" साहेबांनी विचारलं.

"ही काय!" मालकानं गोधडी ओढली. "काऊन झाकून ठेवलं बाई? पाहू द्या की साहेबाले!"

भिंतीवर दोन तांबडे पंजे. दोन वर्षांपूर्वी आम्ही राहायला आलो, तेव्हा सासूबाईंनी रीतीप्रमाणं माझे हात ओल्या हळदीत बुडवून तिथं उमटवले होते. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे पोरीसोरींनाही ठाऊक. पण ते डाग म्हणजे माझेच हात, हे भीतीपायी मलाच सुचलं नव्हतं.

"ये हाथ किसके?"

काकूंनी माझं मनगट धरून पंजा त्या खुणेवर ठेवला. बोटाला बोट बसलं. "भिंत नवी म्हणता शेट, मंग हिचे जुने हात काय उडून आले?"

कारकून आधी हसला. मालक पुटपुटले, "चुना पातळ लागला वाटते."

"यानी पुरानी दीवार पे लगा," साहेब म्हणाले, आणि भिंतीची रक्कम खोडली. कौलांपुरतं थोडं भाडं वाढलं, ते आम्ही आनंदानं दिलं.

लेक त्याच खोलीत जन्मली. काकूंचे उपकार कुठं फेडू? पुढच्या उन्हाळ्यात चुन्याची बादली आली, तेव्हा मालकानं दारातूनच विचारलं, "बाई, ते हात झाकू का?"

"राहू द्या," मी म्हटलं. माझा आवाज बिलकूल कापला नाही.