अस्मीनं तोंड नाय उघडलं!

गवताच्या वखारीत दोन वस्तू फुकटात साठतात. कुसळं नि किस्से. कुसळं झटकली की निघतात, किस्से अंगाला चिकटून घरी येतात. मग बायको वाढता वाढता इचारते, "आज कोनाची खेचून आलात?" मी काय मुद्दाम गोळा करायला जात नाय हो! सापगावच्या अलीकडं गजाशेठची वखार, तिथं मी बसलेला असतो. मानसं गवताचे भारे टाकतात, नि जाता जाता एखादा किस्सा पन टाकून जातात.

पन यंदा जे जमले ते सगळे एकाच पोरीचे. आमच्या पारूवयनीची अस्मिता. आमची अस्मी.

पारूवयनी हायवेकडच्या एका मोठ्या क्लबात गवत निंदायला जायची. बारावी झाल्यावर अस्मी पन तिथंच लागली, खेळनाऱ्यांच्या ब्यागा उचलायला. ब्यागा उचलता उचलता पोरगी काठी फिरवायला शिकली, नि थेट टीव्हीवर! गोल्फचा मुकाबला. नवीन पोरंपोरी खेळनार, दर रविवारी एकाला घरी धाडनार, शेवटी उरंल त्याला प्रो करनार. प्रो म्हंजे मग खेळायचं हेच काम. बाकीच्यांनी आपापल्या घरी जायचं. अस्मीच्या नशिबी परत ब्यागा!

आता गंमत ऐका. ह्याचं शूटिंग आधीच झालेलं! अस्मी कवाच घरी आलेली. पन तिच्याकडून सही घेतलेली, शेवटचा भाग संपेपर्यंत कोनाला एक अक्षर सांगायचं नाय. फुटलं तर जे मिळालं असंल ते रद्द. म्हंजे निकाल पोरीच्या पोटात, पोरगी आमच्या शेजारी खुर्चीवर, नि आमी येड्यासारखे टीव्हीकडं तोंड करून बसलेले!

*

पयला रविवार. वखारीत गजाशेठचा मोठा टीव्ही लावला. निम्मं गाव गवतावर बसलं. पडद्यावर हिरवंगार मैदान उघडलं, नि गजाशेठ उभाच राहिला.

"आयला, काय गवत हाय!"

अस्मी चौथ्या नंबरला होती का पाचव्या, त्याचं शेठला काय पडलेलं नाय. त्याचं एकच. "एवढं कापतात, तर टाकतात कुठं?"

मी बोललो, "शेठ, खाली नंबर येतोय बघा. लावून इचारा."

तो नंबर कसल्याशा जाहिरातीचा! पन शेठनं लावला. तिकडून एक बाई गोड आवाजात, "सर, आप कहाँ से बोल रहे हैं?"

"वखारीतून! ओला माल पन घेऊ. सुकवायचं आमच्यावर सोडा!"

बाईनं ठेवला. शेठनं परत लावला. दर रविवारी लावतो. बोलतो, "तात्या, एक दिवस फोन उचलनारा गवतातला मानूस निघंल."

*

दुसरा रविवार सगळा हळहळन्यात गेला.

झालं काय, एक गोरागोमटा पोरगा बॉल मारतोय, बॉल रेतीत. परत मारला, परत रेतीत. मारतोय, मारतोय, घामाघूम. त्याच्या नावाफुडं आकडा चढला. अस्मीनं मात्र चारदोन फटक्यांत बॉल खड्ड्यात घातला नि काठी खांद्यावर टाकून चालायला लागली. आकडा एवढासा!

सोनूआत्या, म्हंजे अस्मीच्या बापाची बहीण, कपाळावर हात मारून बोलली, "अगो, दमलीस काय? त्या पोरानं बघ किती झोडलं!"

आमच्याकडं भात झोडायचं तर जेवढे फटके तेवढा दाना. कमी झोडलं म्हंजे कामचुकार! सगळ्यांनी पोरीकडं असं बघितलं, जशी ती अर्धी रास पेंढ्यात सोडून आलीय.

अस्मी बोलली, "आत्या, ह्यात कमी फटके मारतो तो जिकतो."

आत्या इचारात पडली. मग एकदम उजळली. "असं होय! लाकूड फोडल्यावानी. एका घावात फुटला तो खरा गडी."

"हां, तसंच."

तवापासून आत्या त्या गोऱ्या पोराला बघितला की बोलते, "हा ओंडका घेऊन बसलाय बघ."

*

गोल्फमदी एक हाय. मारायच्या टायमाला सगळे चिडीचूप. आमच्यातली पोरं हसायला लागली, "ह्यो कसला खेळ, मयतावानी!" पन आत्याला ते लगेच पटलं.

"खळ्यावर भात मापताना कोन बोलतो का? माप चुकतं!"

झालं! आत्यानं वखारीत कायदा लावला. अस्मी काठी उचलनार की सगळे मुके. नि आत्या दबक्या आवाजात तिचे फटके मोजनार. ते पन खळ्यावरच्यासारखे. पयल्या मापाला आमी एक बोलत नाय, लाभ बोलतो. "लाभ... दोन... तीन..." आत्याच्या कमी मापाला यंदा पयल्यांदाच टाळ्या पडत होत्या!

एका रविवारी ऐन टायमाला शेठचा मोबाईल वाजला. आत्यानं शेठच्या हातातून घेतला नि भिरकावला गंजीत. खेळ झाल्यावर सगळे गवत उपसायला लागले. फोन काय सापडंना. मी माझ्या फोनवरून त्याला रिंग दिली. गंजीच्या पोटातून गानं वाजायला लागलं.

शेठ ओरडला, "अरे, कुठनं वाजतोय?"

आत्या बोलली, "तुझ्याच मालातून. सुकवायचं तुझ्यावर!"

*

आता माझे धंदे सांगतो. मी ठरवलेलं, फायनलच्या आधी निकाल काढायचाच. गावात एवढी मोठी गोष्ट, नि ती मला ठावं नाय? माझी इज्जत काय राहिली!

पयला डाव. अस्मीला ऐकू जाईल असं शेठला बोललो, "फायनलला बेंजो पार्टी सांगितली मी." हरली असंल तर पोरगी नको बोलंल, असा हिशोब.

अस्मी बोलली, "सांगा की तात्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोरीची हळद हाय, तिथं पन वाजवतील. वाया नाय जानार."

दुसरा डाव. नातवाच्या फोनवरून तिला फोन लावला. नाकात बोलत, "हॅलो, मॅडम, हम टीव्हीवाले. आपने रिजल्ट किस किस को बताया?"

ती शांत. "किसी को नहीं, सर."

"पक्का? क्या बताया नहीं, जरा हमको बताओ."

"सर, पयले तंबाखू थूक के आओ. समझ में नहीं आता."

मी थुकून आलो. तवर तिनं फोन ठेवला!

*

मुरबाडकडून एक स्थळ आलेलं अस्मीला. सिद्धगडाच्या पायथ्याची मानसं, शेती बरी, पोरगा कंपनीत. अस्मी बोललेली, फायनल लागू दे, मग बोलू. तर पोराचा मामा एका रविवारी वखारीतच येऊन बसला. चहा झाला, भजी झाली. मामा हळूच अस्मीकडं सरकला.

"पोरी, आमाला सांगायला काय हरकत? आमी आता घरचेच होनार."

अस्मी बोलली, "मामा, घरच्यांना पन नाय सांगितलं."

मामाची भजी घशात!

मी पारूवयनीला गाठली. "वयनी, खरं सांग. तुला पन नाय?"

"नाय."

"इचारलंस तरी का?"

"नाय इचारलं."

"अगो, आई ना तू? तुला काय वाटत नाय?"

वयनी हातातला भारा खाली न ठेवता बोलली, "वाटतं ना तात्या. घास उतरत नाय. पन मी इचारलं, तर ती मला 'नाय' बोलूच शकनार नाय. मग पोरीचं गेलं ते माझ्यापायी गेलं."

मी माझी वाट धरली. पन डाव सोडला नाय.

*

फायनल. शेवटचे दोघंच उरलेले, आमची अस्मी नि तो ओंडकेवाला! पोरगा मधल्या रविवारांत सुधारला होता. दिवस मावळलेला, वखारीचं दार ओढून घेतलेलं, आत उभं राहायला जागा नाय. मुरबाडचा मामा पन हजर. अस्मी आईच्या शेजारी, गुडघ्यावर हात ठेवून.

शेवटचा खड्डा. पोराचं खेळून झालं. अस्मीचा बॉल झेंड्यापासून थोडा लांब. ह्या फटक्यात गेला तर अस्मी प्रो, नाय गेला तर तो. आत्या मोजायची पन थांबली. पडद्यावरच्या अस्मीनं काठी लावली, बॉल निघाला, घरंगळतोय...

नि मी मागं जाऊन फ्यूज उपसला.

काळोख! असा आरडाओरडा झाला, की बाहेरची कुत्री पळाली. "लाईट गेली! लाईट गेली!" नि मग, माझ्या मनात होतं तसंच, सगळी वखार अस्मीकडं वळली.

"अस्मे, सांग आता! गेला का बॉल?"

काळोखातून अस्मीचा आवाज. "प्रोग्राम संपायचाय अजून."

"अगो, आता काय उरलंय!"

"संपायचाय."

आत्यानं हातापाया पडून बघितलं. शेठ बोलला, जलमभर तुझ्या म्हशीला गवत माझं. मामानं घसा साफ केला, पन आपला अनुभव आठवून गप बसला. पोरगी हलंना.

मग पारूवयनी बोलली, "अस्मे..."

आई इचारते आता! माझा डाव लागला!

"...तात्यांच्या खिशात फ्यूज असंल. काढून घे."

मला किती जनांनी धरला, ते काळोखात कळलं नाय. फ्यूज लागला. टीव्हीनं डोळे उघडायला येळ घेतला. चित्र आलं, तर पडद्यावरची अस्मी गवतावर बसून दोन्ही हातांत तोंड लपवून रडतेय. जिकून का हरून, कोनाला कळंना! आत्या रडायला लागली, शेठ हसायला लागला, दोघांनाही ठावं नाय कशाला. लगेच जाहिरात, नि जाहिरातीतून आले तर नुसती नावं सरकतायत. खाली खाली, बारीक इंग्रजीत. मग ती पन संपली.

अस्मी उठली. आईच्या समोर उभी राहिली.

"आये, आता इचार."

पारूवयनीनं पदरानं तोंड पुसलं.

"काय इचारू? उद्या डबा किती वाजता करू, तेवढं सांग."

"डबा नको," अस्मी बोलली. "ब्यागा उचलनाऱ्यांनी डबा न्यायचा असतो. खेळनाऱ्यांना तिथंच वाढतात."