कुंपणापाशी थांबणारी

खापरखेड्याच्या रस्त्याने एक म्हातारी रोज गवताचा भारा घेऊन जायची आणि आमच्या कुंपणापाशी दम खायला थांबायची. आमची जर्सी कालवड तेव्हा पहिल्यांदाच गाभण होती. वासरू मोठं होऊन अडू नये म्हणून सासूबाईंनी तिची सरकीची ढेप बंद केली होती. पोटुशी सुनेलाही आमच्याकडे याच भीतीने कमी वाढतात.

एकदा म्हातारीने कालवडीच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

"आपली गावरान गवळाऊ गाय असती तं निभावलं असतं वं. ही जर्सी हाय. आता उपाशी ठेवली तं विईल, पण मंग लवकर माजावर येणार नाही. मंग भाकड म्हणून विकून टाकसान तिले."

मीही तेव्हा पोटुशी होते. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं.

"अन् तू जेवली काय?"

हे मला त्या घरात कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कोणाला न विचारता ढेप भिजवली आणि स्वतःलाही एक भाकरी जास्त घेतली.

गाय नीट व्याली, वेळेवर पुन्हा गाभण राहिली. तोवर म्हातारीचं येणं थांबलं होतं.

माझी मुलगी आता रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक म्हातारीला आजी म्हणून हाक मारते. मी तिला थांबवत नाही. एखादी वळून बघेल, आणि ती तीच असेल.