घसा बसला होता त्या दिवशीची गोष्ट

हे लिहू की नको यात आठ महिने गेले. इथले भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचते आणि खरं सांगायचं तर अर्ध्यांवर हसते. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर काढली. लहानपणी आम्हाला अंधाराची भीती घालायची कोणाला मुभा नव्हती. त्यात मी पीटीची शिक्षिका. अंपायरनं आउट दिलं की आउट, नाही दिलं की नाही, मधलं काही नसतं. ही गोष्ट नेमकी मधली आहे, आणि म्हणूनच जिवाला चैन नाही.

ठिकाण मूल तालुक्यातलं, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नोव्हेंबर महिना, धान कापणी चालू. सतरा वर्षांखालच्या मुलींची जिल्ह्याची सॉफ्टबॉल स्पर्धा, आमची सेमीफायनल. मैदानाच्या एका अंगाला राइस मिल, दिवसभर तिची घरघर. दुसऱ्या अंगाला, म्हणजे लेफ्ट फील्डच्या मागे, चुन्याची रेघ आणि रेघेपलीकडे कमरेएवढं गवत, झुडपं, मग नाला. आमच्या भागात अशा गवतात कोणी सहज शिरत नाही. वाघाचं आमच्याकडे असं आहे की दिसला नाही म्हणजे नाही असं कोणी म्हणत नाही.

म्हणून मॅच सुरू व्हायच्या आधी दोन्ही कोच आणि अंपायर यांनी मिळून मैदानाचा नियम ठरवला. चेंडू रेघेपलीकडे गेला तर फील्डरनं आत जायचं नाही, जागेवर थांबून दोन्ही हात वर करायचे. हात वर झाले की अंपायर खेळ थांबवणार आणि बॅटिंगवाल्यांना दोन-दोन बेस देणार. गवत रेघेवर आलेलं होतं, अंपायरला लांबून काही दिसत नव्हतं, त्यामुळे सगळी मदार फील्डरच्या हातांवर. ही अट माझ्याच सहीनं कागदावर गेली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आता माझा घसा. त्याच्या दोन दिवस आधी तो पार बसला होता. धानाची धूळ आणि माझं रोजचं ओरडणं, दुसरं काय. डॉक्टरांनी चार दिवस तोंड बंद ठेवायला सांगितलं. घरी सगळ्यांना सण वाटला. टीमच्या पोरी म्हणायच्या, "मॅडम म्यूटवर आहेत." मी शिट्टी आणि हातवाऱ्यांवर काम चालवत होते. अगदीच गरज पडली तर कानाशी जाऊन कुजबुजायचं, आणि तेही जेमतेम ऐकू जायचं. समोरच्या टीमचे सर राजुऱ्याचे. सकाळी त्यांनी नमस्कार केला तेव्हा मी नुसती मान हलवली, तर म्हणाले, "मॅडम, आज तुमच्या पोरी बिना रिमोटच्या हायेत का?"

सात इनिंग संपल्या तरी बरोबरी. मग सॉफ्टबॉलमध्ये असं असतं की आठव्या इनिंगपासून बॅटिंग करणाऱ्या टीमची एक मुलगी काही न करता दुसऱ्या बेसवर उभी करतात. आयत्या बिळावर नागोबा. आमच्या पाळीत आमची मुलगी तिथेच उभी राहिली, रन निघाला नाही. मग त्यांची पाळी. त्यांची मुलगी दुसऱ्या बेसवर, एक आउट, आणि त्यांना हवा फक्त एक रन. दुसऱ्या बेसच्या पुढे तिसरा, मग होम; होमला पोचली की रन. बॅटिंगला आलेली पोरगी दिवसभर लेफ्टला मारत होती.

अकरा वर्षं मी टीम घेऊन जाते आणि अकरा वर्षं सेमीफायनलच्या पुढे गेले नाही. स्टाफरूममध्ये मला 'सेमी मॅडम' म्हणतात. चेष्टेनंच म्हणतात, पण लागतं.

मी टाइम मागितला आणि लेफ्ट फील्डला आचल उभी होती तिच्यापर्यंत चालत गेले. आचल पंधरा वर्षांची, टीममधली सगळ्यात वेगवान आणि सांगितल्या शब्दाबाहेर न जाणारी. मी तिच्या कानात म्हटलं, "चेंडू गवतात गेला त हात वर नोको करू. दोन बेस देल्ले की मॅच गेली. आत जाय, उचल आन् होमवर फेक. अंपायरले इथलं काई दिसत नाई."

ती एकदा गवताकडे बघून म्हणाली, "हो मॅडम."

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

मी परत आमच्या मंडपात आले, मैदानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पुढच्याच चेंडूवर फटका बसला, उंच, लेफ्टला. झेल जाईल म्हणून दुसऱ्या बेसवरची मुलगी तिथेच थांबली. आचल मागे धावत गेली, हात लांबवला, चेंडू ग्लोव्हला लागून सुटला आणि टप्पे खात गवतात शिरला. रनर आता कुठे निघत होती. आचलनं तो उचलून फेकला असता तर ती होमवर नक्की आउट होती. आचल सुसाट निघाली. मी मनात म्हणत होते, आण, आण, आण.

आणि ती रेघेवर गचकन थांबली. दोन्ही हात वर.

अंपायरनं खेळ थांबवला. दोन बेस. रन. मॅच संपली.

मला काय झालं ते शब्दात सांगत नाही. मी मैदान आडवं तुडवत तिच्यापर्यंत गेले, दंड धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून विचारलं, "हात काऊन वर केला?"

ती गोंधळली. "तुमीच त म्हनल्या, मॅडम."

"मी?"

"आता नाई का ओरडल्या? 'आचल, थांब, हात वर' म्हनून."

तेवढ्यात गवत हललं. आमच्यापासून दहा-बारा पावलांवर. आधी वास आला, मग पाठ दिसली. वाघ उठला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि कंटाळल्यासारखा नाल्याकडे उतरून गेला. मैदानावरच्या सगळ्यांनी तो पाहिला. आचलचा दंड अजून माझ्या हातातच होता. नंतर वन खात्याची माणसं आली. तिथे अर्धं खाल्लेलं रानडुक्कर होतं, आणि आमचा पिवळा चेंडू त्याच्यापासून चार हातांवर पडलेला.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. पोरगी घाबरली, थांबली, कारण सांगायचं म्हणून माझं नाव घेतलं. मीही तेच धरून चालले होते. पण सेंटर फील्डवाली म्हणाली, "मीबी आयकलं, मॅडम. तुमी रोज ओरडता तसंच." थर्ड बेसवाली म्हणाली तेच. थर्ड बेसजवळ उभ्या असलेल्या राजुऱ्याच्या सरांनी तर हातच जोडले. "मॅडम, सकाळपासून तुमाले बोलता येत नोहोतं, आन् वेळेवर काय आवाज काढला तुमी. मिलच्या वरून आला." माझ्या शेजारी बसलेल्या राखीव मुलींनी मात्र काही ऐकलं नव्हतं. त्या माझ्या हाताएवढ्या अंतरावर होत्या.

आचलचे पप्पा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला आहेत. त्यांना रजा मिळाली नव्हती, म्हणून आचलच्या आईनं लेफ्ट फील्डच्या बाजूला उभं राहून त्यांना व्हिडिओ कॉलवर मॅच दाखवली होती. रात्री त्यांचा मला फोन आला.  म्हणाले, "मॅडम, मले तिकडं चित्र अटकलं होतं. आचल धावता धावता तशीच थांबून गेली स्क्रीनवर. पन तुमचा आवाज साफ आला. तुमी नसत्या त..." पुढे त्यांना बोलता आलं नाही. मलाही आलं नाही, पण माझ्याकडे घशाचं कारण होतं.

आमच्या एका राखीव मुलीनं मंडपातून मॅचचं रेकॉर्डिंग केलं होतं, चुका दाखवायला मीच करायला लावते. ते मी किती वेळा पाहिलं याचा हिशोब नाही. त्यात मिलची घरघर आहे, कोणाची तरी शिंक आहे, माझा आवाज नाही. मीच दिसते एका कोपऱ्यात, ओठ घट्ट मिटलेले. आणि आचल थांबते त्याच क्षणी सेंटर फील्डवाली, थर्ड बेसवाली आणि सर, तोवर रनरकडे बघणारी ही तिघं एकदम मान वळवतात. मंडपाकडे नाही. गवताकडे.

नवऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, "एकीले भास झाला, बाकीच्यायनं री ओढली." मी म्हटलं, मग फोनवरचं? "त्याले बायकोनं नंतर सांगितलं असन." नवऱ्याचं असं असतं, मीटर बंद पडला तरी आधी ग्राहकाला दोष देतो. विजेच्या खात्यात आहे. तरी मी सगळं मान्य करून पाहिलं. भास, री ओढणं, नंतर सांगणं. रात्री नीट झोप लागावी म्हणून तरी मान्य करावं म्हटलं. लागत नाही.

कारण मला टोचतं ते वेगळंच आहे. लोक म्हणतात, जिवावर बेतलं की माणसाच्या तोंडून नकळत शब्द निघतो. असेल. पण मी वाघ पाहिलाच नव्हता. त्या क्षणी माझ्या मनातसुद्धा 'थांब' नव्हतं. माझ्या मनात 'आण' होतं. मग माझ्या आवाजात 'थांब' कोण म्हणालं, आणि ते माझ्याच आवाजात का म्हणालं?

शाळेनं प्रसंगावधानाबद्दल माझा सत्कार केला. शाल, पुष्पगुच्छ, मुख्याध्यापकांचं भाषण. आचलची आई घरी आली, नव्या धानाचे तांदूळ घेऊन. माझे दोन्ही हात धरून रडली. मी ते तांदूळ ठेवून घेतले, शिजवले, खाल्ले. काही बोलले नाही. घसा तोवर बरा झाला होता.

आचलही काही बोलली नाही. कानातलं तिनं घरी सांगितलेलं दिसत नाही, नाहीतर तिची आई तांदूळ घेऊन आली नसती. मी समजून चालले की ती विसरली. पोरं विसरतात.

आता जुलै आहे, यंदाची प्रॅक्टिस सुरू झाली. मागच्या आठवड्यात शेजारच्या शाळेच्या पोरींसोबत साधी मॅच ठेवली होती. त्यांची पिचर हळू चेंडू टाकते तेव्हा आधी खांदा पाडते, एवढंच मला आचलला सांगायचं होतं. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिच्या कानाशी वाकले.

ती एक पाऊल मागे सरकली. रागानं नाही, चेष्टेनंही नाही. शंका विचारावी तसं तिनं विचारलं, "मॅडम, कानात सांगसान ते आयकू, का मोठ्यानं सांगसान ते?"

 बॅट घेऊन ती खेळायला गेली.