गाण्याचा आवाज परत परत बारीक होत होता

आज बऱ्याच दिवसांनी घरच्या कॉम्प्युटरवर गाणी लावली. आवाज कितीही वाढवा, पुढच्या गाण्याला परत बारीक! स्पीकर बदलला, वायरी बदलल्या, शिव्याही घातल्या.

शेवटी गाणी लावायला बनवलेल्या छोट्या प्रोग्रॅमची फाइल उघडली. आत मीच कधीकाळी लिहिलेली ओळ सापडली: सकाळी आठ ते दुपारी दोन आवाज कमी ठेवायचा.

बोईसरची आमची एकच खोली. बाबा कुंभवलीच्या कंपनीतून नाइट शिफ्ट करून यायचे आणि याच वेळेत झोपायचे. त्यांना जाऊन तीन महिने झाले.

ओळ काढून टाकली. गाणं मोठ्यानं वाजलं.

ओट्यापाशी उभी असलेली आई ओरडली, “बारीक कर रे, बाबा उठतील ना!”

आणि मग तिनं ओट्याकडे तोंड फिरवलं.

मी गाणं बंद केलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरची अशी सवय सुटली असेल, तर सांगा. किती दिवसांनी सुटली?