रिकामा खल परत कसा करायचा

बायकोच्या हातचा शेवटचा मसाला मी सान हुआनला एका अनोळखी बाईच्या लाकडी खलात ओतून आलो. सगळा. वर डब्याच्या बुडाला दोन थापाही मारल्या, आत काही चिकटून राहायला नको म्हणून.

सान हुआन म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाची राजधानी. माझी एकुलती एक मुलगी तिथे औषधांच्या कंपनीत नोकरी करते. मी साजगावच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस. खोपोलीच्या बाहेर पडायचं म्हणजे फार तर कर्जतच्या बाजाराला, आणि तिथूनही सांगितलेल्या वस्तू विसरून यायचं, ही माझी ख्याती.

दर उन्हाळ्यात आमच्या घरी वर्षाचा मसाला व्हायचा. गच्चीवर मिरच्या वाळायच्या, मागच्या अंगणात चुलीवर भाजल्या जायच्या, आणि त्या दिवशी रस्त्यानं जाणारा टेंपोवालासुद्धा शिंकत जायचा. मग गिरणीतल्या डंकावर कुटून आणायचा, बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे. त्या बरणीला हात लावायची मला बंदी होती. "ओला चमचा घालशील," बायको म्हणायची. एकदा घातला होता, आणि ते ती वीस वर्षं विसरली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यातही तिनं बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं. पाऊस पुरता लागायच्या आत ती गेली. छातीत कसंतरी होतंय म्हणाली, चहा ठेव म्हणाली, आणि मी चहा घेऊन आलो तेव्हा घरात मी एकटाच होतो.

मुलगी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती रडली नाही. तिनं आईची कपाटं आवरली, गॅसचं कार्ड माझ्या नावावर केलं, शेजाऱ्यांना चहा दिला आणि परत गेली. आईबद्दल एक शब्द विचारला नाही. हिवाळ्यात मी तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा मसाला उरला असेल तर आणाल का? माझा संपलाय." एवढंच. पण त्यानंतरही तिनं फोन ठेवला नव्हता, ते मला कळलं.

मी बरणी खरवडून स्टीलच्या डब्यात भरली. माझ्यासाठी काही ठेवलं नाही. तेवढी अक्कल होती.

पण तिथे पोचल्यावर डबा तिच्या हातात देणं मला जमेना. वाटायचं, दिला की ती रडेल, आणि रडणाऱ्या मुलीचं काय करायचं हे मला येत नाही. ते खातं तिच्या आईकडे होतं. तीही मागेना. मग डबा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत राहिला. मी त्या घरात इकडून तिकडे पिशवी घेऊन फिरायचो, तिकीट तपासायला आल्यासारखा.

एका रविवारी तिनं माझ्यासाठी खास सफर ठरवली. जुन्या शहरात फिरायचं, खायचं, प्यायचं, इतिहास ऐकायचा. आम्ही दोघं आणि गवती टोपी घातलेला एक वाटाड्या, बस्स. तो इंग्रजीत सांगायचा, मुलगी मराठीत सांगायची, आणि मी दोघांनाही "अच्छा, अच्छा" म्हणायचो.

रस्त्यावर निळसर दगड बसवलेले, घरं पिवळी, गुलाबी, पोपटी. एका ठिकाणी खारवलेल्या माशाची भजी खाल्ली. वाटाड्या म्हणाला, उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना हा स्वस्त मासा बाहेरून आणून खायला घालत. मी भजी खाली ठेवली, मग उचलून खाल्ली. वास थेट कर्जतच्या बाजारातल्या सुकटीचा. "तुझी आई इथं असती तर भाव केला असता," मी बोलून गेलो. मुलगी वाटाड्याकडे बघून म्हणाली, "पुढे जाऊ या."

मग रम आली. एक प्याला चवीसाठी, दुसरा पहिल्याची चव कळली नाही म्हणून. आणि मग आम्ही एका म्हाताऱ्या बाईच्या छोट्या खाणावळीत शिरलो.

तिथे हिरवी केळी तळून, लसूण घालून लाकडी खलात कुटतात. मोफोंगो म्हणतात त्याला. वाढतातही त्याच खलात. ती बाई कुटत होती आणि तिचा खांदा तसाच हलत होता, घरी खलबत्त्यात कुटताना बायकोचा हलायचा तसा. मुलीला ऑफिसचा फोन आला, ती बाहेर गेली. मी मोफोंगो खाल्लं. छान होतं, पण तिखट म्हणून नाव नाही. डबा काढला, चिमूटभर टाकला. बाईनं वास घेतला, शिंकली, हसली, माझ्या हातावर थोपटून काहीतरी म्हणाली.

खल रिकामा झाला. ती न्यायला आली. आता आमच्याकडे शेजारणीनं काही दिलं तर तिचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखर घालतात, तांदूळ घालतात, परसातल्या दोन मिरच्या ठेवतात, पण रिकामं नाही. ही इथली चाल नाही, आम्ही गिऱ्हाईक आहोत, खाण्याचे पैसे आधीच भरलेत, हे एका शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं. मी डबा उलटा केला आणि बुडाला थापा मारल्या.

दोष रमला देता येईल. पण खरं सांगतो, त्या घडीला माझ्या डोक्यात घरी बरणी भरलेली होती. मी असंच कुणाला काही देऊन टाकायचो, बायको दोन दिवस बोलायची आणि पुन्हा करायची. तसंच होणार होतं.

बाईला वाटलं, मला तसंच कुटून हवंय. तिनं त्यावर केळी टाकली आणि कुटायला लागली.

मुलगी दारात आली आणि थांबली. वासानं.

"आईचा?"

"हो."

"बाकीचा कुठंय?"

मी खलाकडे बोट केलं.

ती माझ्यासमोर बसली. खल ओढला आणि तो लालभडक गोळा खायला लागली. असं तिखट कुणी खाऊ शकत नाही. मी म्हणालो, "बाय, थोडा मला दे, मी पण—"

"तुम्ही हात लावू नका, बाबा."

ती खात राहिली आणि रडायला लागली. आधी मला वाटलं तिखटानं. मग तिच्या तोंडून जो आवाज आला तो तिखटाचा नव्हता. त्या बिचाऱ्या म्हातारीला मात्र वाटलं, पोरीला ठसका लागला. तिनं धावत येऊन खल ओढून घेतला, उरलेलं सगळं कचऱ्याच्या डब्यात पालथं केलं, आणि दुधाचा पेला मुलीच्या तोंडाला लावला. तिची पाठ चोळत राहिली. मी उभा होतो, रिकामा डबा हातात धरून.

ठरलेला किल्ला राहिला होता. गेलो. समुद्राच्या वाऱ्यात वाटाड्या तोफांबद्दल सांगत होता, कुणी ऐकत नव्हतं. तटावरच्या पहारेकऱ्याच्या दगडी कोठडीत मुलगी उभी होती. समोरच्या पाण्याकडे बघत तिनं विचारलं,

"शेवटचं काय म्हणाली?"

"चहा ठेव म्हणाली."

"ठेवलात?"

"ठेवला. आलं घालून."

"प्यायली?"

"नाही, बाय."

तिनं माझ्या हातातून डबा घेतला, झाकण घट्ट लावलं आणि आपल्या पिशवीत टाकला.

यंदा मिरच्यांचे दिवस आले तशी माझी थोरली बहीण शेलूहून आली. मी कर्जतहून मिरच्या आणल्या होत्या. चुकीच्या, अर्थातच. तिनं भाजल्या, मी डंकावर नेल्या, बरणी भरली. चाखून बघितला. चांगला झाला होता. तो नव्हता.

बहिणीला मी बेटाची सगळी हकिगत सांगितली, जरा रंगवूनच. म्हातारी कशी शिंकली, मी कसा थापा मारत होतो. ती हसेल असं वाटलं होतं. ती बरणीवर फडकं बांधत होती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "डबा कुठं हाय?"

"पोरीनं ठेवून घेतला. रिकामाच."

"दिलास ते दिलास रं," ती म्हणाली. "पन बुडाला थापा कशाला मारल्यास? येड्या, चिमूटभर तरी उरला असता तिला."