विकतचं म्हावरं

मुरुडात आमचं चार खोल्यांचं लॉज आहे. पुण्या-मुंबईची माणसं शनिवारी येतात, समुद्रात पाय बुडवतात, सुरमईची थाळी मागतात आणि रविवारी जाताना टॉवेल घेऊन जातात. म्हणून टॉवेल मी आता जुनेच ठेवतो. लॉजच्या भिंतीला भिंत लागून कृष्णाबाईचं घर. घर अजून आहे, कृष्णाबाई नाही, आणि ती ज्या तऱ्हेने गेली त्याचा मला अजून राग येतो.

आमच्या थाळीतली सुरमई तिच्याकडचीच असायची. तिचा नवरा चांगदेव तांडेल. त्याची स्वतःची होडी होती. तो गेल्यावर सदा नावाचा जुना खलाशी ती चालवायचा आणि कृष्णाबाई बाजारात पाटी घेऊन बसायची. मी भाव करायला चिवट, ती माझ्याहून चिवट. "भाऊ, तुमी पापलेटाकडं असं बघू नका, ते लाजतंय," म्हणायची आणि शेवटी तिच्याच भावात ते माझ्या गळ्यात मारायची.

तिच्या घरी मात्र मासा कधी पैसे देऊन आला नाही. होडी किनाऱ्याला लागली की लिलावाच्या आधी घरचं म्हावरं बाजूला निघतं, मालकाच्या घरचं आणि खलाशांच्या घरचंही. एखाद्याच्या जाळ्यात काही आलं नाही तर शेजारची होडी त्याच्याकडे धाडते, आणि पुढच्या खेपेला ते फिटतं. सगळा कोळीवाडा असाच जेवतो. मासे विकत घेणं हे आमच्यासारख्यांचं काम.

तिचा मुलगा निकेत इंजिनाचं काम शिकलेला. त्याला ओमानमध्ये एका बंदरावर नोकरी लागायची होती. बायको अमिषा आणि छोटी नेत्रा यांना घेऊनच जायचं असं त्याने ठरवलं होतं. पण तिथे परवडेल का, हा घोर. त्यांच्या घरात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून नवराबायको आमच्या ओसरीवर वायफायला येऊन बसत. मोबाइलवर कुणी एक टोपीवाला मस्कतच्या दुकानातून फिरत कांद्याचा भाव सांगायचा, दुधाचा सांगायचा, घरभाडं सांगताना उगाच डोळे मोठे करायचा. मला त्याचा आवाजच सहन व्हायचा नाही. पण अमिषा तन्मय होऊन बघायची. तिथलं भाडं, इथलं भाडं. तिथला गॅस, इथला गॅस. शाळा, डॉक्टर, वीज. मुलगी हुशार होती, काही सुटू देत नव्हती.

एका संध्याकाळी कृष्णाबाई तिथेच सुकटीतला कचरा निवडत बसली होती. अमिषाने मान वर करून विचारलं, "आई, आपला माशांचा महिन्याचा खर्च किती धरू?"

कृष्णाबाई हसायलाच लागली. "म्हावऱ्याचा खर्च? येडी का खुळी! म्हावरं कोन इकत घेतं गो?"

अमिषा स्वतः रेवदंड्याच्या कोळ्यांची लेक. तिनेही जन्मात मासा विकत घेतला नव्हता. ती पण हसली आणि तिने शून्य धरलं. तिथे गेल्यावर मासा विकत घ्यावा लागेल, हे तिने तिकडच्या खर्चात बरोबर मांडलं. आई मागे राहिली तर तिला काय लागेल, तर तांदूळ, गॅस, वीज आणि गुडघ्याच्या गोळ्या. मासा शून्य.

मग होडीचा विषय निघाला. होडी खरंच तोट्यात होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. डिझेल वाढलं होतं, मासा लांब गेला होता. होडी विकली तर एजंटचे पैसे, विमानाची तिकिटं आणि तिकडच्या घराची अनामत, सगळं एका दमात भागत होतं. कागद आईच्या नावावर होते. निकेत तिच्यापुढे येऊन बसला, तर तीच आधी म्हणाली, "इकून टाक. तू सुखात ऱ्हा, मना काय कमी हाय हतं?" काशीदच्या शिवदासने होडी घेतली आणि तो ती तिकडे घेऊन गेला. निकेत, अमिषा, नेत्रा विमानात बसले. नेत्राला सोडताना म्हातारी रडली नाही. घरी येऊन तिने भांडी घासली.

पहिले काही दिवस केसर तिच्याकडे मासे धाडायची. केसर म्हणजे बाजारात तिच्या शेजारी बसणारी, निकेतला कडेवर खेळवलेली मैत्रीण. पण भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या गावची रीत. कृष्णाबाईने त्यात कधी तांदूळ घातले, कधी नारळ. मग तिच्या लक्षात आलं की हे फिटायचं नाही. पुढच्या खेपेला होडीच नाही, तर फेडणार कशाने? तिने केसरला सांगून टाकलं, "आता नको धाडू, पोटाला सोसत न्हाय." पाटी घेऊन बसायचं तर लिलावात मासा विकत घ्यायला हवा, आणि गुडघ्यांनी तिला तेवढा वेळ उभं राहू दिलं नसतं. आणि घरासाठी मासा घ्यायला बाजारात जायचं? जिथे ती उभा जन्म पाटीच्या त्या बाजूला बसली, तिथे पाटीच्या या बाजूला उभं राहून केसरला भाव विचारायचा? तिने बाजाराचा रस्ताच सोडला.

आमच्या दोन घरांत एक भिंत. कुणाच्या तव्यावर काय आहे ते वासावरून कळतं. माझी बायको मृणाली एक दिवस म्हणाली, "अहो, पलीकडे तळणाचा वास येऊन किती दिवस झाले?" ती ताटली घेऊन गेली. कृष्णाबाई म्हणाली, "वयनी, आज उपास हाय." सोमवारी उपास, मंगळवारी एकवीरेचा उपास, गुरुवार कुणा बाबाचा, शनिवार मारुतीचा. आमच्या डोळ्यांदेखत तिचे देव वाढत गेले आणि ती सुकत गेली. निकेतचा फोन रविवारी यायचा. दारात तेवढी रेंज यायची, तिथे बसून ती सांगायची, "व्हय, बोंबलाचं कालवण केलंय. ताजं हाय, काटा पन न्हाय लागला." चुलीवर वरणभात असायचा. मृणाली मागे फिरून डोळे पुसायची आणि मी उगाच गिऱ्हाइकांवर खेकसायचो.

शेवटी मीच निकेतला फोन लावला. म्हटलं, तुझी आई मासा खात नाही रे. तो घाबरला, वाईट मुलगा नव्हता तो. म्हणाला, "काका, तिला विकत घ्यायला सांगा ना. मी पैसे वाढवून धाडतो." आणि खरंच धाडले. कृष्णाबाईने ते बँकेतून काढलेच नाहीत. मी निरोप सांगायला गेलो तर ती इतक्या थंडपणे माझ्याकडे बघत राहिली, की मी पाण्याचा पेलासुद्धा पुरता न पिता उठलो.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा घराघरात सुकी मासळी भरलेली असते. त्या साली तिच्या माळ्यावर काही नव्हतं. नारळी पौर्णिमेला ती नारळ घेऊन बायकांबरोबर किनाऱ्यावर गेली. होड्या सजल्या होत्या, जी ती आपापल्या होडीपाशी उभी. कृष्णाबाई कुठे उभं राहावं म्हणून इकडेतिकडे बघत राहिली, मग पाण्यात नारळ सोडून एकटीच परत आली. पुढे ताप आला. डॉक्टर म्हणाला, अंगात काही उरलेलंच नाही. निकेत पोहोचायच्या आधीच ती गेली.

त्याने सगळे दिवस नीट केले. शेवटी तिखटाचं, म्हणजे माशांचं, जेवण घालायचं होतं. कृष्णाबाईच्या नावाने बाजारातल्या बायकांनी म्हावरं धाडायचं आपसांत ठरवलंही होतं. पण हा सकाळीच मोठी पिशवी घेऊन निघाला. तिकडे सगळं विकत घ्यायची सवय लागलेली. मी ओझ्याला म्हणून बरोबर गेलो. तो केसरच्या पाटीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, सुरमई कशी दिली?"

केसरने मान वर केली. मला वाटलं, आता ही रडेल किंवा शिव्या घालेल. तिने भाव सांगितला. शनिवारच्या पाहुण्यांना सांगतात तो. मी मध्ये तोंड घालणार होतो, पण तिने मला नजरेनेच गप्प केलं. निकेतने पाकीट काढलं. तो जरा थांबला, ओठ हलले, मनातल्या मनात त्याने रियालमध्ये हिशेब केला.

"तिकडच्या मानानं स्वस्तच आहे, नाही काका?" तो माझ्याकडे वळून म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर काहीही वाईट नव्हतं. तेच मला सोसवेना. केसरने नोटा मोजून कमरेला खोचल्या, सुरमई त्याच्या पिशवीत टाकली. लहानपणापासून ती त्याला निक्या म्हणायची.

"आनखी काय देऊ, साहेब?" तिने विचारलं.

"कोळंबी द्या थोडी," तो म्हणाला आणि पिशवी पुढे धरली.