एकाच ताडाची ताडी

बोईसरच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावरचे एक कारकून चिंचणीच्या एका ठरावीक ताडाचीच ताडी प्यायचे. मिसळलेली त्यांना चालत नसे. थंडी पडली की ते रोज ताडीवाल्याला निरोप धाडायचे आणि "अजून झाड देत नाय," असं उत्तर आलं की ताडीसाठी आणलेला डबा तसाच रिकामा घरी परत न्यायचे.

एकदाची हंगामातली पहिली बाटली सायकलला बांधून ते चिंचणीहून कारखान्याकडे निघाले. उन्हात ताडी फसफसली आणि वाटेतच बूच उडालं. ते पोचले तेव्हा सदरा चिंब होता आणि बाटलीत चार घोट उरले होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते आमच्या डब्यांच्या झाकणांत वाटले.

"तुम्हाला?" मी विचारलं.

"माजं वाटेत झालं," सदरा हुंगत ते म्हणाले. "यंदा जाम गोड हाय. तुमी चाखा."

त्या अर्ध्या-अर्ध्या घोटावर आम्ही संध्याकाळपर्यंत खिदळत होतो, आणि सगळ्यांत जास्त ते.